बसकी सायकल

रेवणसिद्ध आप्पांना जो कुणी गोड स्वभावाचा माणूस म्हणेल, त्यानं त्यांच्याकडं कधी काम टाकलेलं नाही, एवढं मी लिहून देते. चाकूरला लातूर-नांदेड रस्त्याच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आणि त्याला लागून माझं. मधे नुसता पत्रा. मी ट्रॅक्टरच्या, मोटरसायकलच्या सीटा शिवते. दुकान खरं तर आमच्या ह्यांचं, पण त्यांना एका जागी बसवत नाही. ते दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून गेले आणि मशीन माझ्या पायाखाली आलं. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातच थबकून विचारायचं, "मालक कुठं हायत?" मी म्हणायचे, "मालक शेतात हायत, सुई माझ्याकडं हाय. सीट ठेवायची का न्यायची?" तेव्हा मीही काही फार गोड आहे असं नाही. पण आप्पांपुढं मी साखर.

पत्र्यापलीकडून दिवसभर त्यांचा आवाज यायचा. "ह्ये कुणी जोडलं? माणसानं जोडलं का बैलानं?" शेतकरी बिचारा मोडका वखर घेऊन उभा, आणि आप्पा कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, हातात हातोडा घेऊन त्याची शाळा घेताहेत. जुना जोड पुरता कापून काढल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा खाक्या. आणि जोडावर रंग मारून देत नसत. "रंग घरी जाऊन लाव. माझा टाका उघडा बघून ने," म्हणायचे. लोक पुटपुटत जायचे आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्यांच्याच दारात यायचे, कारण आप्पांनी केलेला जोड सुटलाय असं कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांना एकच लेक, मंजुश्री. जन्मतःच तिचा उजवा खुबा निसटलेला होता. ती चालायला लागल्यावर ते ध्यानात आलं. लातूरला ऑपरेशन झालं, पण पाय आखूड राहिला तो राहिलाच, आणि मांडी बाजूला फाकत नाही. त्यामुळं सायकलवर, स्कूटीवर टांग टाकून बसणं तिला जमत नाही. जीभ मात्र बापाची. कॉलेज झालं, घरी बसून फॉर्म भरत राहिली, आणि गेल्या वर्षी पोस्टात डाकसेवक म्हणून तिची निवड झाली. नोकरीचं गाव चाकूरपासून आत, आणि तिथून आणखी दोन वस्त्यांवर टपाल वाटायचं. संक्रांतीनंतर रुजू व्हायचं होतं.

सगळ्यांना आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. त्या गावाला सकाळी एक ऑटो जातो, तोही माणसं भरली तर. तिची आई शिवकांता माझ्याकडं येऊन बसली. "सिंधु, रोज हिला कोण सोडणार गं? आन् वस्त्यांवर कोण हिंडवणार? नगं म्हणावं वाटायलंय." कुणीतरी तीन चाकांच्या गाडीचं नाव काढलं. मंजूनं ते तिथल्या तिथं झटकून टाकलं. "तीन चाकी गाडीवर बसलं की माणसं आधी गाडी बघतात, मग पाय बघतात. माझ्यापर्यंत यायला त्यांना लई येळ लागतोय, काकू."

मग एक दिवस ती मोबाइल घेऊन आप्पांकडं आली, मला हाक मारून बोलावून घेतलं, आणि एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी साध्या सायकलचे पाईप कापून-जोडून एक अजब गाडी केली होती. बसायची जागा पार खाली, गुडघ्याच्याही खाली. पुढच्या चाकाचा चिमटा लांबलचक, हँडल उंच, पाय समोर पसरलेले, आणि मागच्या चाकात बॅटरीवर चालणारी मोटर.

आप्पांनी चष्मा वर केला. "ही सायकल हाय का बाज?"

"बाजच म्हणा," मंजू म्हणाली. "पण हिच्यावर मला चढावं लागत न्हाई, आप्पा. नुसतं बसावं लागतंय. दोन्ही पाय भुईला टेकतात."

मोबाइल हातात घेऊन आप्पा बराच वेळ ती गाडी बघत राहिले, थांबवून, पुन्हा चालू करून. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॉलीसाठी आणून ठेवलेले पाईप कापायला घेतले.

आयुष्यभर वखर, ट्रॉल्या आणि गोठ्याची फाटकं केलेला माणूस तो. मजबूत म्हणजे जड, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. पहिला सांगाडा असा झाला की तो ओढायला बैलजोडी जुंपावी लागली असती. मंजूनं हँडल धरून ढकलून बघितलं, गाडी जागची हलेना. ती म्हणाली, "आप्पा, मला टपाल वाटायचंय, नांगरायचं न्हाई." मी पोट धरून हसले. आप्पांना लागलं ते, पण त्यांनी सांगाडा गपचूप कापून टाकला आणि नांदेडला जाऊन सायकलचा पातळ पाईप, चाकात बसवलेली मोटर आणि बॅटरी घेऊन आले.

खरी गोष्ट तिथून बिघडली.

जाड लोखंड माणसाच्या हाताचे लाड करतं. होल्डर जरा इकडं-तिकडं झाला तरी ते वितळून आपलं आपण भरून घेतं. पातळ पाईप तसं काही करत नाही. वेल्डिंगची काडी एका जागी क्षणभर जास्त रेंगाळली की भोक पडतं, लांब गेली की जोड धरत नाही. आप्पांच्या वेल्डिंगचा आवाज मला इतक्या वर्षांत पाठ झाला होता, कढईत तेल एकसारखं तडतडावं तसा. आता तो तुटायला लागला. दोन क्षण तडतड, मग चट् असा आवाज, मग काहीच नाही, मग ग्राइंडर. पुन्हा तडतड, पुन्हा ग्राइंडर. दिवस दिवस एकच जोड चालला आहे हे पत्र्याआडूनही कळत होतं. आणि ज्या माणसानं उभा जन्म रस्त्यावर काम केलं त्यानं दाराला ताडपत्री लावून घेतली.

मला वाटलं, डोळे गेले असतील. विचारलं तर म्हणाले, "तू तुझं शीव." दुसऱ्याही गोष्टी होत्या, पण त्या मी एकत्र धरून बघितल्या नव्हत्या. हॉटेलातून चहा आला की आप्पा हल्ली भिंतीकडं तोंड करून प्यायचे. लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीला बसायचं बंद केलं होतं. शिवकांताअक्का तर चिडलेली. "ह्यांचा मानपान लई वाढलाय. लोकाच्या घरचं गोड लागत न्हाई आता."

गाडी उभी राहिल्यावर मंजू माझ्याकडं सीटसाठी आली. लाल रेक्झिन तिनंच निवडलं. मी फोम कापताना उजवी बाजू जरा उंच ठेवली, म्हणजे आखूड पायाचा भार खुब्यावर येणार नाही. त्या सीटसारखी सीट मी आजवर शिवली नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण पुढं तिचा मी काय वापर केला ते सांगायचं आहे.

सीट बसवायला गेले तेव्हा आप्पा नळावर पाणी भरत होते. गाडी ताडपत्रीआड उभी होती, सुरेख, बसकी, काळी कुळकुळीत. मी दोन बोल्ट आवळले आणि मग डोक्यात आलं, काळी? आप्पांनी रंग लावला?

पुढचा चिमटा जिथं सांगाड्याला मिळतो, त्या गळ्याशी मी अंगठा फिरवला. सगळ्या गाडीचा भार तिथं येतो, हे मला शिवणारणीलाही कळतं. जोडाला उंचवटा नव्हताच. आरशासारखं सपाट. मी कात्रीच्या मुठीनं मागच्या जोडावर मारलं, टण्ण वाजलं. गळ्यावर मारलं तर धप्प. नख रोवलं, तर रंगाखालून राखाडी भुकटी निघाली.

गॅरेजवाले त्याला लांबी म्हणतात. टाकीला पोचा आला की ते मलम भरायचं, वाळलं की घासायचं आणि वरून रंग मारायचा, म्हणजे काही झालंच नव्हतं असं दिसतं. दिसण्यापुरती ठीक. भार धरायला ती मातीच.

आप्पा मागं येऊन उभे राहिले होते.

"आप्पा, ह्याच्याखाली काय हाय?"

"जोड हाय."

"जोड न्हाई. लांबी हाय."

आप्पा दोन्ही हात काखेत घालून उभे. ती त्यांची हल्लीची सवय, थंडी म्हणून असेल असं मला वाटायचं. मी पुढं झाले आणि सरळ त्यांचं मनगट धरून हात बाहेर ओढला. परक्या बाईनं असं करू नये, पण मी केलं. मशीनच्या सुईखाली कापड थरथरतं तसा तो हात माझ्या हातात थरथरत होता.

"डाक्टर म्हणला, वाढत जाणार," आप्पा म्हणाले. "नांदेडला पाईप आणायला गेलतो, तवाच तिथं दाखवून आलो."

"अक्काला माहीत हाय?"

"तुला माहीत झालं आता. बाकी कुणाला न्हाई." मग खाली बघत म्हणाले, "भोक पडायलंय, सिंधु. भरलं की पुन्हा पडायलंय. पाईपाचं तोंडच खाऊन टाकलं मी."

मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापड झाला. "आन् मंजू बसणार ह्याच्यावर?"

"मी बसून बघितलं. धरतंय."

"आज धरतंय. समोर बसवराज हाय, त्याच्याकडं गॅसचं मशीन हाय. पातळ पाईप तो रोज जोडतो."

"त्याचं नाव काढू नको."

बसवराज म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ. रस्त्याच्या पलीकडं, अगदी तोंडासमोर त्याचं दुकान. काम आप्पांच्याच हाताखाली शिकला. एकदा एका ट्रॉलीच्या हुकाला चीर गेली होती, ती त्यानं लांबीनं बुजवून रंग मारला. आप्पांनी चार गिऱ्हाइकांसमोर त्या हुकावर हातोडा घातला, लांबीची ढपली उडाली, आणि आप्पा म्हणाले, "ज्याला लांबी लावून पोट भरायचंय त्यानं दुसरीकडं बसावं." बसवराज त्याच दिवशी गेला. शेताच्या वाटण्या झाल्या. बायका एकमेकींकडं जातात-येतात, पण हे दोघं भाऊ समोरासमोर दुकानं उघडतात, बंद करतात आणि बोलत नाहीत.

आता त्या भावासमोर लांबी लावलेली गाडी घेऊन जायचं होतं. आप्पांना ते जमणार नाही हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून मी आवळलेले दोन्ही बोल्ट सोडवले आणि सीट काखेला मारली.

"सीट मिळणार न्हाई. मंजूला सांगा जोडाला लांबी हाय, मग येऊन घेऊन जावा."

मीच का नाही सांगितलं, असं कुणी विचारेल. वेल्डरचा हात कापतो ही बातमी एकदा बाजारात गेली की संपलं. कोण आपलं अवजार त्याच्या हातात देईल? मी मंजूला सांगायचं म्हणजे अक्काला कळणार, अक्का माहेरी बोलणार, आणि आप्पांचं दुकान माझ्या तोंडानं बंद व्हायचं. आणि नाही सांगितलं तर पोरगी त्या जोडावर बसून खड्ड्यांतून जाणार. मला घास गोड लागेना. ह्यांनी विचारलं काय झालं, तर त्यांच्यावरच खेकसले.

अक्का दोनदा सीट मागायला आली. मी म्हटलं, रेक्झिन कमी पडलंय. मंजू आली तेव्हा तेच सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. "काकू, तुमचं रेक्झिन कधी कमी पडत न्हाई." मी कातडं कापायला घेतलं आणि तिच्याकडं बघितलंच नाही.

चार-दोन दिवसांनी भर दुपारी आप्पांनी गाडी बाहेर काढली. सीटच्या जागी पोतं घडी करून बांधलं होतं. एवढा धिप्पाड माणूस पाय पुढं सोडून त्या बसक्या गाडीवर बसला आणि माझ्या दुकानासमोरून गेला. परत आला. पुन्हा गेला. पानपट्टीवरची माणसं हसायला लागली. "आप्पा, म्हातारपणी हिरो झालात की." आप्पांचा चेहरा दगडासारखा. समोर बसवराजही हातातलं काम थांबवून बघत होता. सगळे आप्पांना बघत होते आणि मी एकटी गाडीचा गळा बघत होते. रस्त्याच्या कडेची गिट्टी लागली की तो गळा हादरायचा आणि माझी सुई थांबायची.

आप्पा माझ्या दारात थांबले. "बघितलंस? माझं वजन धरलं. ती तर निम्मी बी न्हाई."

"मग सांगा तिला. जोड असा असा हाय, तरी धरतोय म्हणा."

"बाप हाय मी तिचा."

"म्हणूनच सांगा."

ते गेले. त्यांचा मला इतका राग आला होता की डोळ्यात पाणी आलं.

मग येळवस आली, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी चाकूरात काळं कुत्रं सापडत नाही, सगळं गाव शेतात. आम्ही दरवर्षी आमच्या शेतातली पूजा उरकून दुपारी आप्पांच्या शेतात जातो. येळवशीला कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं, आणि न बोलावता आलेल्यालाही कुणी परत पाठवत नाही. ज्वारीत कडब्याची कोप, कोपीत पाच दगडांचे पांडव मांडलेले, भाज्या-दाणे घोटून केलेल्या भज्जीचा वास सुटलेला. बांधापलीकडं बसवराजच्या वाटणीचं शेत आणि त्याची कोप. अक्का आणि तिची जाऊ बांधावरून भज्जी-खिरीची भांडी इकडून तिकडं करत होत्या. भाऊ आपापल्या कोपीशी एकमेकांकडं पाठ करून बसलेले, दरवर्षीप्रमाणं.

पंगत बसली. आप्पा म्हणाले, पोट बरं नाही, तुम्ही बसा. अक्कानं माझ्याकडं बघून नाक मुरडलं.

जेवता जेवता मंजू म्हणाली, "काकू, उद्या मी गाडी काढणार हाय. सीट झाली तर बरं, न झाली तर पोतं टाकून जाते. आप्पा गेलेच की पोतं टाकून. ते गाव किती लांब पडतंय ते तरी कळंल."

माझा हात पत्रावळीवरच थांबला. सीट अडवून धरली म्हणजे गाडी अडली, अशी माझी समजूत होती. एक पोतं टाकलं की माझी सगळी हुशारी संपली. आता बोलायलाच हवं म्हणून मी तोंड उघडलं, तोच आप्पा उठले. कुणाला काही न सांगता ते सरळ ज्वारीतून चालत गेले आणि बांध ओलांडून बसवराजच्या शेतात उतरले.

अक्का ताडकन उठून मागं धावली, तिच्यामागं मी. मंजूला ढेकळांतून भरभर चालता येत नाही, ती कोपीशीच राहिली, तिथून ज्वारीआड काही दिसत नव्हतं.

बसवराजकडं त्याच्या सासरचे पाहुणे जेवत होते, शिरूर अनंतपाळचे. थोरल्या भावाला समोर बघून तो हातातली बादली घेऊन तसाच उभा राहिला. "शरणार्थ, अण्णा," एवढं कसंबसं म्हणाला.

आप्पा पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसले. "वाढ."

जावेनं पत्रावळ मांडली, भाकरी-भज्जी वाढली. बसवराजनं स्वतः पेला घेतला, आंबील काठोकाठ भरली आणि भावापुढं ठेवली. आप्पांनी उजव्या हातानं पेला उचलला. ओठापर्यंत जाईतो निम्मी आंबील धोतरावर सांडली. पुन्हा उचलला, पुन्हा सांडली. पाहुण्यांचे घास हातात राहिले. आप्पांनी पेला खाली ठेवला आणि हात काखेत न घालता मांडीवर ठेवला. सगळ्यांसमोर तो थरथरत राहिला. माझ्या शेजारी अक्का "आई गं" म्हणाली आणि तिथंच बांधावर बसली. पंगतीला न बसण्याचा मानपान कसला होता ते तिला तेव्हा कळलं.

"बसू," आप्पा म्हणाले, "मंजूच्या सायकलीच्या गळ्याचा जोड तुला करायचाय."

"तुम्ही केलाय म्हणून सगळं गाव सांगायलंय."

"मी केला. धरला न्हाई. वरून लांबी लावली."

बसवराजच्या जबड्याचं हाड हललं. इतकी वर्षं त्यानं ह्या क्षणाची वाट बघितली असणार, मीही बघितली असती. तो म्हणाला, "त्या दिवशी माणसांदेखत बोलला होता तुम्ही मला."

"हाव. आज बी माणसांदेखतच बोलायलोय."

बसवराजनं तो पेला उचलला, उरलेली आंबील ओतून टाकली, आणि नव्यानं भरला. ह्या वेळी अर्धाच भरला आणि भावाच्या हातात दिला.

"प्या, अण्णा. उद्या गाडी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी गाडी रस्ता ओलांडून गेली. मंजूला एवढंच सांगितलं, दोघं भाऊ बोलायला लागलेत, बसवराज मोटरचं काहीतरी बघणार आहे. बसवराजनं ग्राइंडर लावला, लांबी उडून गेली, आणि खालची भोकं उघडी पडली. पाईपाचं कुरतडलेलं तोंड त्यानं कापून काढलं, नवा तुकडा घातला, आतून पट्टी दिली आणि मग जोडायला घेतलं. आप्पा काळी काच डोळ्यांसमोर धरून शेजारी बसले होते. काच हलत होती.

काम झाल्यावर बसवराज म्हणाला, "अण्णा, पोरीला सांगायची काय गरज न्हाई. गाडी तुमचीच. मी कुठं बोलत न्हाई." अक्कानंही तेच धरलं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. जोड आता पक्का होता. पोरगी पडणार नव्हती. मग तिच्या पहिल्या दिवशी तिच्या बापाचा हात काढून दाखवायचा कशाला? मी सीट बसवून दिली आणि म्हटलं, आता सोडून द्या, आप्पा.

आप्पांनी बसवराजला फक्त एवढंच सांगितलं, की त्या जोडावर रंग लावू नको.

संक्रांत झाली. मंजूचा रुजू व्हायचा दिवस आला. सकाळी दुकानासमोर पाच-पंचवीस माणसं जमली होती. कुणी मोबाइल काढलेला, कुणी उगीच सल्ले देत होतं. एक शेतकरी गोठ्याचं मोडलेलं लोखंडी फाटक टेंपोतून उतरवून आप्पांच्या दाराला टेकवून उभा होता, पोरगी गेली की काम दाखवू म्हणून. मंजू गाडीशी आली, वाकली नाही, टांग टाकली नाही, खुर्चीवर बसावं तशी बसली. दोन्ही पाय भुईवर सपाट.

तिनं हँडल धरलं आणि तिचं लक्ष गळ्याकडं गेलं. "आप्पा, एवढ्याच जागी रंग कामून न्हाई?"

अक्कानं आप्पांचा सदरा मागून ओढला. ते मी बघितलं.

"उघडा बघून जा म्हणून," आप्पा म्हणाले. "हा जोड माझा न्हाई, बसवराजचा हाय. मी केला होता तो धरला नसता. माझा हात गेलाय, मंजू."

आणि हात पुढं धरला. गर्दीतले मोबाइल एक एक करून खाली आले.

मंजूनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. घट्ट धरला तरी तो थांबेना. "कवापासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

ती हिशेब लावत होती हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ताडपत्री, ग्राइंडर, काळा रंग, माझं कमी पडलेलं रेक्झिन. "म्हणजे त्या जोडावर मला बसू देणार होता तुम्ही?"

आप्पांना नाही म्हणता आलं असतं. तिच्याचसाठी बांध ओलांडून ते गेले होते, मी साक्षीला होते.

"हाव," ते म्हणाले. "देणार होतो."

मंजूनं हात सोडला. खांद्यावरची पिशवी पुढं ओढून घेतली, मूठ पिळली, आणि ती बसकी गाडी आवाज न करता रस्त्याला लागली. खड्डा आला, गाडी उसळली, चाकं पुन्हा रस्त्यावर टेकली, आणि ती तशीच पुढं गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही. आप्पा ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत उभे होते.

माणसं हळूहळू पांगली. फाटकवाला शेतकरी तेवढा घुटमळत राहिला. आप्पांकडं बघेना, फाटकाकडं बघेना. मग त्यानं पलीकडं बसवराजच्या दुकानाकडं एक नजर टाकली, खाली वाकला आणि फाटक उचलायला लागला. एकट्याला ते झेपत नव्हतं. आप्पा पुढं झाले, फाटकाचं दुसरं टोक धरलं, आणि दोघं मिळून ते रस्त्यापलीकडं घेऊन गेले.